कमिट अ‍ॅक्सेस असलेल्या सगळ्यांनी वाचा
मंडळी, ज्यांच्याकडे रेपोचा कमिट अ‍ॅक्सेस (म्हणजे प्रोजेक्टच्या कोडमध्ये थेट बदल करायचा हक्क) आहे त्यांनी रविवारपर्यंत टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक पडताळणी) चालू करा, नाहीतर अ‍ॅक्सेस तात्पुरता काढावा लागेल, राग मानू नका.

एवढा आग्रह का, तर हा हक्क चुकीच्या हातात गेला की काय होतं त्यासाठी मार्च २०२४ चं एक्सझेड (फाइल कॉम्प्रेस करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) प्रकरण आठवा, ते सांभाळणारा एकटा दमलेला मेंटेनर, मदत करतो म्हणत एक जण दोनेक वर्षं व्यवस्थित पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) देत राहिला, बाकीची अकाउंटं हात धुऊन मागे लागली की याला हक्क द्या, आणि मग त्याने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर (गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा) घुसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! आणि तो कोड जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या फाइलमध्ये) होती.

त्यामुळे यापुढे टारबॉल कुणीही स्वतःच्या लॅपटॉपवर बनवून अपलोड करायचा नाही, गिटमधल्या व्हर्जनच्या टॅगवरून सीआयच (आपोआप बिल्ड करणारी सिस्टिम) बनवेल. टेस्टसाठी बायनरी फाइल (उघडून वाचता न येणारी) आली तर ती कशी बनवली हे विचारल्याशिवाय मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) नको. आणि कुणाला काम झेपत नसेल तर प्लीज ग्रुपवर सांगा, एकट्याने ओढत बसू नका, आपण वाटून घेऊ.