वही सभेत उघडायला हवी

नेपाळच्या स्थानिक संस्थांत २००२ ते २०१७ लोकनियुक्त प्रतिनिधीच नव्हते. तिथली माओवादी यादवी २००६मध्ये थांबली, तरी निवडणुकीला आणखी अकरा वर्षे लागली. त्या काळात गावकऱ्यांची सभेची सवय टिकवली ती, माझ्या मते, १९९३च्या वन कायद्याने मान्यता दिलेल्या वन उपभोक्ता गटांनी, म्हणजे गावाजवळचे जंगल मिळून सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांनी. सरपणाच्या मोळ्या कोणाला किती, हे गटाची सर्वसाधारण सभा ठरवते. हिशेबही तिथेच वाचायचा. बिघडते तेही इथेच. हिशेबाची वही उघडली नाही, की वजनदार मंडळी इमारती लाकूड आपसात वाटून घेतात. नवी मुंबईतही २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकच होता. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे. ती बोलवा, आणि नालेसफाईचे बिल मतदारांसमोर वाचा.

— एक वाचक, कोपरखैरणे