तो दुधाचा पेला

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, "आई, सकाळच्या पहिल्या दोन लेक्चरना डोकं चालतच नाही. पोट गुरगुरत असतं, सगळं लक्ष तिकडेच." नाश्त्याला काय घेतोस विचारलं तर म्हणालास, "मेसचं दूध आणि कॉर्नफ्लेक्स. तूच सांगितलंयस ना, दूध सोडायचं नाही." फोन ठेवल्यावर बराच वेळ मी ओट्यापाशीच उभी होते.

तुझा दहावीचा गणिताचा पेपर आठवला. अकराचा पेपर, आणि साडेनऊला मी तुझ्या हातात बदाम घातलेला म्हशीच्या दुधाचा मोठा पेला दिला. तू सायीकडे बघत म्हणालास, "नको ना." मी चमच्याने साय बाजूला केली आणि समोर उभं राहून पेला संपवायला लावला. पेपर सुटल्यावर तू पोट धरून फाटकातून बाहेर आलास, चेहरा पांढराफटक. शेवटची दोन गणितं राहिली होती. तलावपाळीपर्यंत आपण एक शब्द न बोलता चालत आलो आणि तिथे मी म्हटलं, "एवढं घाबरायचं कशाला?" तू घाबरला नव्हतास रे. हे मला आज कळतंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

काल आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलले. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, पुढे बऱ्याच जणांत कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. अर्ध्या तासापासून दोनेक तासांत पोट फुगतं, मुरडा येतो, कधी जुलाब. जगातल्या सुमारे ६८ टक्के लोकांना ही साखर पूर्ण पचत नाही. तुझ्या मामाला दूध कधी सोसलं नाही, आजी त्याला ताकच द्यायची. तिला त्यामागचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पोराचं पोट ठाऊक होतं.

आता डोक्याचं. दुधाने बुद्धी मंद होते असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण पोटात कळ असताना मन एका जागी ठरत नाही, आणि रात्री गॅसने झोपमोड झाली की सकाळी डोकं जड राहणारच. शेजारच्या काकू म्हणतात, गीर गाईचं ए-२ दूध आण. २०१६ साली चीनमध्ये दूध न सोसणाऱ्या ४५ जणांवर अभ्यास झाला होता. नेहमीच्या दुधापेक्षा ए-२ दुधावर त्यांना त्रास कमी झाला आणि बौद्धिक चाचणीतली उत्तरंही लवकर देता आली. मात्र त्या अभ्यासाला पैसा ते दूध विकणाऱ्या कंपनीचाच होता. शिवाय ए-२चा फरक प्रथिनात आहे, लॅक्टोज तेवढंच. दुप्पट पैसे मोजून मी ते आणणार नाही.

तू एवढं कर. दोन आठवडे दूध, चहा-कॉफीतलंसुद्धा, बंद ठेव. मिल्क पावडर, पेढे, बासुंदीही नको, आटवलेल्यात साखर दाटते. रोज वहीत दोन ओळी लिही: काय खाल्लं, पोट कसं होतं, लेक्चरला लक्ष लागलं का. मग जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन बघ, कित्येकांना तेवढं चालतं. हा प्रयोग परीक्षेच्या आठवड्यात मात्र करू नकोस. वजन उतरलं, शौचात रक्त दिसलं किंवा दूध बंद करूनही त्रास राहिला, तर लाजू नकोस, थेट डॉक्टर गाठ.

दही-ताक सोडू नकोस. विरजणातले जिवाणू काही साखर आधीच खाऊन टाकतात, आणि उरलेली पचायलाही मदत करतात. तुपात ती जवळजवळ नसतेच. आपण शाकाहारी, त्यामुळे बी-१२ आपल्याला दूधदुभत्यातूनच मिळतं. ते कमी पडलं तर विसराळूपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून सुट्टीत एकदा रक्त तपासून घेऊ. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधात १२०च्या आसपास. भाकरी तुला आवडत नाही, म्हणून सत्त्व करून देते. पाण्यात शिजव, वरून ताक, मीठ, जिरं घाल.

रविवारी येतोस ना? नेरुळहून सकाळची ठाणे लोकल पकड, दुपारच्या गर्दीत अडकू नकोस. शनिवारी रात्री विरजण लावते, तू येईपर्यंत चांगलं आंबट होईल. बाबांनाही सांगून ठेवलंय, यापुढे तुझ्यापुढे पेला ठेवायचा नाही.

तुझी,
आई