रागाला आणि उदासीला एकच औषध चालत नाही

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ताणतणावावर लेख येतात ते मी न चुकता वाचते. चांगले असतात, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतीये म्हणून हे पत्र. त्या लेखांत राग, चिडचिड, टेन्शन, उदास वाटणं हे सगळं एकाच माळेत ओवलेलं असतं आणि शेवटी उपाय पण तेच, व्यायाम करा, छंद जोपासा, मन मोकळं करा. माझं म्हणणं असं की राग आणि उदासी या एकदम उलट्या गोष्टी आहेत, रागात अंग पेटलेलं असतं आणि उदासीत अंग गळून गेलेलं असतं, मग एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला कसं लागू पडेल? रागाला निवू द्यावं लागतं आणि उदासीला हलवावं लागतं. हे लोकांना सुटं सुटं करून सांगितलं तर खूप जणांचं भलं होईल असं मला मनापासून वाटतं.

मी बसवर कंडक्टर आहे, सातारा जिल्ह्यात. सुट्टे पैसे हा आमचा रोजचा विषय. पहाटेच्या फेरीला पहिल्याच थांब्यावर चढलेला माणूस पंधरा-वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढतो आणि त्याच्या मागे अजून तिघं तशीच नोट धरून उभे असतात, आता क्यूआर कोडमुळे बरंच सुटलंय पण घाटात रेंज गेली की पैसे कटले का नाही कटले यावरून परत सुरू. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मला फार आनंद आहे, कितीतरी बायका माहेरी जायला लागल्या, लेकीकडे जायला लागल्या, पण "हिला अर्धं मग मला पूर्ण का" हे विचारणारा माणूस ते मलाच विचारतो कारण भाडं ठरवणारा त्याला भेटत नाही, मी भेटते. बँकेच्या काउंटरवरची पोरगी, रेशन दुकानातला माणूस, दवाखान्यात केसपेपर काढणारी ताई, या सगळ्यांचं हेच असणार. दिवसभर दुसऱ्यांचा राग झेलायचा आणि स्वतःचा गिळायचा.

आणि गिळायचा म्हटलं की लगेच कोणीतरी सांगतं, दाबून ठेवू नको, एकदाचा काढून टाक, बरं वाटेल. कुकरचं उदाहरण देतात, शिट्टी झाली नाही तर फुटेल म्हणे. पण माणसाचं तसं नसतं हो! माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करतीये, तिने मला एक प्रयोग सांगितला तो मला फार पटला. ब्रॅड बुशमन नावाचे अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी २००२ मध्ये तो छापला. सहाशे विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि त्यावर मुद्दाम वाईट शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारायला लावले आणि सांगितलं की ज्याने शेरे मारले त्याला डोळ्यापुढे आणा, काहींना ठोसे मारताना फक्त आपली तब्येत सुधारतीये असा विचार करायला सांगितला, आणि काहींना नुसतं गप्प बसवलं. ज्यांनी त्या माणसाला आठवून ठोसे मारले त्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला. सगळ्यात कमी कोणाचा, तर जे काहीच न करता बसले त्यांचा. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकारी बाईंनी रागावरचे १५४ अभ्यास एकत्र करून तपासले, दहा हजारांवर माणसं होती त्यात, आणि निघालं असं की श्वास, ध्यान, योग, अंग सैल सोडणं अशा शरीराचा वेग कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. धावण्याने तर उलट वाढायचीच शक्यता जास्त.

धावणं वाईट नाही, मला चुकीचं समजू नका. पण राग म्हणजे काय, तर छाती धडधडते, श्वास वर लागतो, हाताच्या मुठी वळतात, अॅड्रेनलिन अंगात सुटलेलं असतं. पळालं तरी छाती तशीच धडधडते आणि श्वास तसाच वर लागतो. मग शरीराला कसं कळणार की भांडण संपलंय? म्हणून राग आला की आधी शरीर खाली आणायचं, कोण बरोबर आणि कोण चूक ते नंतर.

मी काय करते ते सांगते, कारण अर्धा तास डोळे मिटून बसणं चालत्या गाडीत होत नाही. श्वास चार मोजत आत घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा. सोडताना लांबवायचं कारण श्वास बाहेर जाताना हृदयाची गती आपोआप जरा कमी होते, हे शरीरातच आहे, त्याला श्रद्धा वगैरे लागत नाही. मशीनमधून तिकीट बाहेर येऊन समोरच्याच्या हातात जाईपर्यंत एक श्वास होतो आणि कोणाला कळत पण नाही. दुसरं म्हणजे बुटातल्या बुटात पायाची बोटं घट्ट आवळायची, पाच मोजायचे आणि सोडायची, मग खांदे कानापर्यंत वर आणि सोडायचे. हे एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधून काढलं, आवळून सोडलेला स्नायू आधीपेक्षा जास्त सैल पडतो. रांगेत उभं राहून, ऑफिसात बॉससमोर बसून, कुठेही करता येतं. आणि तिसरं, आवाज मुद्दाम खाली आणायचा. समोरचा कितीही चढला तरी मी हळू बोलते, "दादा, तिकिटामागं लिहून देते, उतरताना आठवणीने मागा," आणि खरंच आकडा लिहून गोल करून देते. एकदा आकडा लिहिला की अर्ध्या लोकांचं तोंड तिथंच बंद होतं, कारण त्यांना पैशापेक्षा आपण फसवले जातोय ही भीती जास्त असते.

पाण्याचं पण सांगते, हे कोणी लिहीत नाही. फिरतीच्या नोकरीतल्या बायका पाणी कमी पितात, का ते प्रत्येक बाईला माहितीये. अंगात पाणी थोडं कमी झालं तरी डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. दुपारी दोनला येणारा राग कितीतरी वेळा उपाशीपोटाचा आणि तहानेचा असतो आणि आपण तो समोरच्या माणसाच्या नावावर टाकतो. आधी पाणी, मग शेंगदाणे-गूळ किंवा डब्यातली अर्धी भाकरी, आणि मग बघायचं राग किती उरला ते.

मग मन मोकळं करायचंच नाही का? करायचं. पण कसं, ते आपल्या आज्या-पणज्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आज त्यातल्या कितीतरी पारी (ग्रामीण भारताची माहिती जपणारी संस्था) हिच्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात, जरूर ऐका. त्यात सासरचा जाच आहे, सवत आहे, न येणारा भाऊ आहे, वनवासातली सीता आहे, सगळं दुःख नाव घेऊन सांगितलंय. पण ओरडून सांगितलेलं नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर एका चालीत, लांब श्वास सोडत, आणि बऱ्याचदा समोर खुंटा धरून दुसरी बाई बसलेली, जी ऐकतीये आणि पुढची ओळ तीच उचलतीये. लांब उच्छ्वास, हाताला काम, ऐकणारं माणूस, दुःखाला शब्द, आज समुपदेशक जे जे करायला सांगतात त्यातलं बरंच काही त्या पहाटेच्या दळणात होतं. ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही, त्या बायकांचे कष्ट परत कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण बोलायची ती पद्धत आपण जाऊ दिली आणि तिच्या जागी आलं काय, तर ग्रुपवर रात्री साडेअकराला "तो असं म्हणाला मग मी असं म्हटलं" हे सहा जणींना सहा वेळा सांगायचं, सहाही जणी तेल ओतणार आणि मग झोप गेली. बोलायला एकच माणूस निवडा, जे ऐकून घेईल आणि शेवटी "बरं, आता उद्या काय करूया" एवढं विचारेल.

यात विचारांचा पण भाग आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची विवेकनिष्ठ विचारपद्धती, १९५५ च्या सुमाराची, ती आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी आणली आणि मराठीतून सांगितली. तिचं म्हणणं एवढंच की घटनेमुळे राग येत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनात जो हट्ट धरतो त्यामुळे येतो. लोकांनी सुट्टे आणले तर बरं होईल ही माझी इच्छा आहे, पण आणलेच पाहिजेत हा हट्ट धरला तर दिवसात पन्नास वेळा माझा हट्ट मोडणार. इच्छा ठेवायची, हट्ट सोडायचा. पण हा विचार राग शिगेला असताना करायला जाऊ नका, तेव्हा तो सुचत नाही. घरी निवांत असताना घोटून ठेवायचा म्हणजे वेळेला हाताशी येतो.

आता उदासी. ती कामावर असताना कमीच येते, सुट्टीच्या दिवशी येते. सकाळी उठावंसं वाटत नाही, केस विंचरावेसे वाटत नाहीत, कोणाचा फोन आला तरी तो वाजून बंद होईपर्यंत बघत बसायचं. अशा वेळी घरचे प्रेमाने म्हणतात, पडून राहा, आराम कर. इथेच घात होतो. रागावर जे चालतं, शांत बस, गप्प राहा, थांब, ते उदासीला अजून खाली ओढतं. मानसशास्त्रात यावर एक सरळ उपाय आहे, मूड यायची वाट बघायची नाही, आधी काम करायचं, मूड मागून येतो. आणि काम कसलं, तर अगदी लहान. अंथरूण घडी करणे. खिडकी उघडणे. कोथिंबीर निवडणे. आंघोळ. एवढं झालं की उन्हात दहा मिनिटं चालून येणे, आणि इथे भरभर चालणं, पळणं, पोरांबरोबर बॅडमिंटन हे सगळं चालतं, जे रागाच्या भरात चालत नव्हतं. सकाळच्या उजेडाचा फायदा झोपेला पण होतो, शिफ्टमधल्या लोकांची अर्धी उदासी तर झोपेच्याच घोळामुळे असते. मी सुट्टीच्या आदल्या रात्री पाटीवर उद्याची दोन कामं लिहून ठेवते, एक करावंच लागेल असं आणि एक आवडीचं, कारण सकाळी उदास मन काहीच सुचू देत नाही.

आणि एवढं करूनही सलग दोन आठवडे बरं वाटलं नाही, रोजचा बराचसा वेळ मन खालीच आहे, कशात गोडी वाटत नाही, भूक-झोप बिघडलीये, जगण्याचाच कंटाळा येतोय, तर मग हे घरगुती उपाय पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. आमच्या भागात अजून "येरवड्याला नेऊन टाका" ही शिवी म्हणून वापरतात, मग कोण बोलेल? म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मला फार मोलाचा वाटतो, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केला, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं आणि आपण कोण हे सांगायची सक्ती नाही. मुक्कामाच्या गाडीवर रात्री एकटा पडलेला माणूस सुद्धा फोन लावू शकतो.

तर संपादक साहेब, माझ्या तीन मागण्या आहेत. एक, १४४१६ हा नंबर तुमच्या पेपरात रोज एका ठरलेल्या जागी छापा, राशिभविष्याशेजारी छापा, ते पान सगळे बघतात. दोन, आत्महत्येची बातमी देताना कशी द्यायची याच्या सूचना प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये दिल्यात, ठळक मथळा नको, पद्धतीचं वर्णन नको, मदतीचा नंबर द्या, त्या पाळा, कारण तो पेपर नंतर माझ्या गाडीत सीटवर पडलेला असतो आणि कॉलेजची पोरं तो वाचतात. तीन, पुरवणीत पुढचा लेख उभ्याने काम करणाऱ्यांसाठी लिहून घ्या, नर्स, कंडक्टर, हमाल, पोलीस, सेल्सगर्ल, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगा की एका मिनिटात, चारचौघांत, गणवेशावर जमेल तेवढंच सांगा. लागलं तर माझ्यासारख्या दोघी-चौघींशी त्यांना बोलायला लावा, आम्ही ड्युटी संपल्यावर वेळ काढू.

आपली नम्र,
एक महिला कंडक्टर, जि. सातारा