बी विंगच्या काकूंना, सगळ्या सोसायटीतर्फे

काकू,

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "बरं बरं, चहा घेतोस का" म्हणून विषयच संपवला असता, म्हणून लिहूनच टाकतो. सातबारावर आपल्या सोसायटीचं नाव लागलं, जुन्या नावांना कंस झाला, म्हणजे ती रद्द झाली, आणि हे तुमच्यामुळे झालं. कमिटीने ग्रुपवर "सर्वांच्या सहकार्याने" असा मेसेज टाकलाय तो तुम्ही वाचला असेलच. सर्वांचं सहकार्य किती होतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

पुण्यात आपल्या धायरीत टँकरवर तासभर बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, हा शब्द काढला की सगळे मोबाईलमध्ये बघायला लागतात. आपल्याकडेही तेच होतं. फ्लॅट आपला, हप्ते आपण भरतोय, मग जमीन कोणाची हा प्रश्न कशाला पडेल कोणाला. मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना तुम्ही सांगितल्यावर कळलं. उरलेल्या निम्म्यांना माहीत होतं, पण "बिल्डर चांगला माणूस आहे हो, करेल" असं चाललं होतं, वर्षानुवर्षं.

मग त्या सकाळी आपल्या मोकळ्या जागेत, जिथे गणपतीचा मांडव पडतो तिथे, चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. दोन माणसं टेप धरून उभी होती, आणि विचारलं तर म्हणाली चौथी बिल्डिंग येणारे, एफएसआय (बांधकामाची परवानगी) शिल्लक आहे. त्या दिवशी ग्रुपवर जो काही दंगा झाला! कोणी म्हणे मोर्चा काढू, कोणी म्हणे नगरसेवकाला फोन करा, एकाने तर सरळ आंदोलनाचं बॅनर डिझाईन करून टाकलं. तुम्ही संध्याकाळी खाली आलात, रेघा बघितल्यात, आणि एवढंच विचारलंत, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" सगळे गप्प.

खरं तर तुमची आमची ओळख त्याआधीची, आणि ती भांडणातून झालेली. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस म्हणून ठोक पैसे घ्यायची, कोणी कधी विचारलं नव्हतं. तुमच्या घरमालकांनी ते बिल तुमच्या मुलीला पाठवलं आणि तुम्ही ते घेऊन ऑफिसात आलात, की सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, 2001 पासून सरकारचा आदेश आहे, आणि तुमचं हे गणित कुठल्या टक्क्यात बसतं ते मला समजावून सांगा. आमचे तेव्हाचे खजिनदार जाम चिडले होते. "भाडेकरूंनी आम्हाला कायदा शिकवायचा का" हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. दोन महिन्यांनी बिलं गुपचूप दुरुस्त झाली, तुम्हाला सॉरी कोणी म्हटलं नाही, ते आज मी म्हणतो.

दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करून रिटायर झालेलं माणूस आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतं, ही लॉटरी होती आणि आपण तिकीट खिशात ठेवून फिरत होतो. बिल्डरवर न थांबता सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घ्यायला, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सला, एजंटाकडून कोटेशन आणलं होतं, ते बघून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा कुठे कोणीतरी म्हणालं की काकूंना विचारू का. तुम्ही म्हणालात वकील लागेल तो लावा, आर्किटेक्टचं सर्टिफिकेट लागेल ते घ्या, पण कागद गोळा करायला एजंट कशाला, कागद तर तुमच्याच कपाटात आहेत.

कपाटात होते कुठे काकू! तीन विंगचे सगळे करारनामे आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. कोणाचा करार बँकेत गहाण, कोणाचा भावाकडे नागपूरला, एकांचा माळ्यावर वाळवीने अर्धा खाल्लेला. जे फ्लॅट दोनदा विकले गेले त्यांची आधीपासूनची सगळी साखळी. तुम्ही ते हिशोबाच्या लांब वहीत पेन्सिलने फ्लॅटवार मांडलंत, आणि संध्याकाळी सातच्या पुढे एकेकाच्या दारात जाऊन उभ्या राहिलात. लोक सीरियल बघत असायचे, तोंडावर आठ्या, "उद्या देतो". तुम्ही म्हणायचात, "उद्या नको, आत्ता शोधा, मी थांबते." आणि खरंच थांबायचात, चपलांच्या स्टँडवर टेकून.

सी विंगच्या त्या एका करारातला जमिनीचा हिस्सा नंबर चुकलेला तुम्हीच पकडलात. टायपिंगमध्ये एक 'अ' राहिला होता, बाकी सगळ्या करारांत हिस्सा 1अ आणि यांच्यात नुसता 1. वकिलांच्या नजरेतून सुटला होता तो. तुमचं म्हणणं, सुनावणीत समोरच्याने हेच धरलं तर फाईल अडकेल, म्हणून आधी चूक दुरुस्ती पत्र रजिस्टर करून घेतलंत. तेव्हा मला वाटलं होतं काकू जरा जास्तच करतायत. सुनावणीला बिल्डरच्या वकिलाने पहिला मुद्दा सर्व्हे नंबर आणि हिस्से न जुळण्याचाच काढला, आणि आपल्या वकिलांनी ते पत्र पुढे सरकवलं. त्यावेळी तुम्ही मागच्या बाकावर बसून पिशवीतल्या शेंगा निवडत होतात, हे बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो.

भोगवटा प्रमाणपत्राचंही तेच. आपलं बांधकाम धायरी महापालिकेत यायच्या आधीचं, 2017 ला 11 गावं आत घेतली त्याच्या आधीचं, प्लॅन कलेक्टर ऑफिसचा, आणि पूर्णत्वाचा दाखला बिल्डरने कधी घेतलाच नाही. सगळे म्हणायचे ओसी, म्हणजे हे भोगवटा प्रमाणपत्र, नाही तर डीम्ड कन्व्हेयन्स विसरा. तुम्ही 2018 चा शासन निर्णय शोधून काढलात, की ओसी नसेल तरी स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावलीत, महत्त्वाच्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारून. ती अजून तिथेच आहे, कोपरे वळलेत.

एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, गंमत तर मी कधीच विसरणार नाही. तुम्ही सभासद नाही, भाड्याने राहता, तुम्हाला सभेत बसता येत नाही बोलता येत नाही. कोरम झाला नाही म्हणून नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच कोरमशिवाय सुरू, समोसे आधीच संपलेले. आणि तुम्ही बाहेर वॉचमनच्या खुर्चीत बसून आत चिठ्ठ्या पाठवताय. "ठरावात सह्या कोणाच्या ते नावानिशी लिहा." "सूचक अनुमोदक राहिले." अध्यक्ष चिठ्ठी वाचायचे आणि जणू स्वतःलाच सुचलंय अशा आवाजात बोलायचे. ज्या जागेसाठी तुम्ही एवढं केलंत त्या जागेच्या ठरावावर तुम्हाला हात वर करता आला नाही, हे मला खरंच खटकलं, आणि अजून खटकतं. कायदा तसा आहे ठीक आहे, पण खटकतं.

पुढचं सगळं थोडक्यात लिहितो कारण ते तुमच्याही अंगावर आलं होतं. जिल्हा उपनिबंधकांचा आदेश झाला, मग दस्ताचं अभिनिर्णय (मुद्रांक किती ते ठरवणं), मग नोंदणी. मुद्रांकाचे लाखो रुपये भरावे लागणार अशी अफवा एकाने सोडली होती, तुम्ही शांतपणे सांगितलंत की फ्लॅटवर भरलेलं वजा होतं, आणि सगळ्यांचं व्यवस्थित भरलेलं असेल तर नावापुरतीच रक्कम. मग सातबारावर नाव बदलायचा फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारी ती फाईल. "सही आहे, शिक्का कुठंय?" हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात माझी मुलगी म्हणते, प्रगतीपुस्तक दाखवताना.

आता त्या मोकळ्या जागेत आपल्याला न विचारता कोणाला पाया खणता येणार नाही. पुढेमागे रिडेव्हलपमेंट आलीच तर जो काही एफएसआय असेल त्याचं बोलणं सोसायटीशी होईल. आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी तुमचा नंबर मागतायत, मी दिलेला नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय देणारही नाही. तुमची ती कागदांची यादी मात्र फोटो काढून दिली, तेवढं चालेल ना?

तुमच्या लीव्ह लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, मुदत संपत आलीये असं कळलं. घरमालकांशी कमिटीतले दोघं बोललेत, ते म्हणाले वाढवून देतो. नाही दिलं तर ए विंगचा तिसऱ्या मजल्यावरचा रिकामाच आहे, आधीच सांगून ठेवलंय.

एक राहिलंच. खजिनदार माझ्या मागे लागलेत. वर्षभराच्या झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प, रजिस्टर्ड पोस्ट, रिक्षा, यातला एक रुपयाही तुम्ही सोसायटीकडे मागितलेला नाही. ऑडिट लागलंय. रविवारी सकाळी व्हाउचर बुक घेऊन वर येतो, पावत्या काढून ठेवा, आणि "जाऊ दे रे" चालणार नाही. सही तुमची, शिक्का आमचा.

तुमचा,
ए विंग, पहिला मजला