इंजिनाचे ठोके आणि जाड ऑइलचा सल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंप, जनरेटर किंवा गवत कापायच्या यंत्रावरचं छोटं पेट्रोल इंजिन ठोकायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. जाड ऑइल घाला, नाहीतर ऑक्टेन (पेट्रोलची आपोआप न पेटण्याची क्षमता) वाढवणारं औषध टाकीत ओता. ‘नॉक’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळे आजार कोंबतो, म्हणून हे सल्ले फसतात. एक आजार ज्वलनाचा, दुसरा झिजेचा. कोणता ते कळेपर्यंत पान्याला हात लावू नये.

ज्वलनाचा ठोका खणखणीत असतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. इंजिन तापल्यावर आणि भार पडल्यावर येतो, भार काढला की जातो. ठिणगी पडल्यावर आग प्लगपासून क्रमाने पसरायला हवी. त्याऐवजी टोकाला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम पेटतं आणि तो दणका पिस्टनच्या माथ्यावर बसतो. झिजेचा ठोका जाडसर. तो भार नसतानाही वाजतो आणि थ्रॉटल झटकन सोडला की कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचा, खुळखुळा स्पष्ट ऐकू येतो. गार इंजिनात वाजून तापल्यावर शांत होणारा आवाज बहुधा पिस्टनचा सिलिंडरवर बसणारा फटका असतो. त्याची घाई नाही. व्हॉल्व्हच्या टॅपेटची टिकटिक फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) अंतर जमवलं की मिटते. डिझेल इंजिनाच्या कडकडाटाला सरावलेले कान मात्र हे सगळं ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात, आणि मग एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

इंजिन उघडण्याआधी प्लगची वायर काढून बाहेरचे संशयित तपासावेत. पायाचे बोल्ट, पुली, पात्याचा हब, पंपाचं कपलिंग, यातलं काहीही सैल असलं तर हुबेहूब रॉडसारखं वाजतं. त्यानंतर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्या जड चाकाला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी धातूची छोटी पट्टी. पातं दगडावर आदळून इंजिन जागच्या जागी थांबतं तेव्हा शाफ्ट अडतो, पण जड फ्लायव्हील किंचित पुढे सरकतं आणि चावी अर्धवट कापली जाते. आता फ्लायव्हीलवरचं मॅग्नेट ठिणगी देणाऱ्या कॉइलसमोर लवकर पोचतं, ठिणगी लवकर पडते, सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देते आणि भाराखाली इंजिन ठोकतं. चावीच्या कडेवरून नख फिरवावं. पायरी लागली, मग ती कितीही बारीक असो, चावी नवीन घालावी. घासून परत बसवू नये. होंडाच्या जीएक्स 160 इंजिनात ठिणगीचं टायमिंग कायमचं पक्कं असतं, फिरवून जमवायची सोय नाही. बसवताना शाफ्टचा निमुळता भाग (टेपर) पुसून कोरडा करावा आणि नट 75 न्यूटन-मीटरला कसावा. नट ढिला राहिला तर नवी चावीही कापली जाते.

फ्लायव्हील ठीक निघालं तर पेट्रोल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पुरेसं पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाला बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेवलं की दोन थर दिसतात. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. साधारण 8.5 ते 9 कॉम्प्रेशन रेशोच्या (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) या इंजिनांना 91 ऑक्टेन पुरतो. ताज्या पेट्रोलवरही ठोका आला तर महागडं पेट्रोल किंवा औषध फक्त खूण झाकतं, कारण तसंच राहतं.

मग प्लग काढून नीट बघावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल आणि चिनीमातीवर मिठाच्या कणांसारखे चमकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं वितळलेलं अॅल्युमिनियम आहे. इंजिन तिथेच थांबवावं. प्लगच्या नंबरात फसगत फार होते. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), तर बॉश आणि चॅम्पियनचं नेमकं उलटं. ‘6 ऐवजी 5 चालेल’ म्हणून एनजीकेचा गरम प्लग बसवला की तो स्वतःच निखारा होऊन ठिणगीआधी मिश्रण पेटवतो.

पातळ मिश्रणाची (हवा जास्त, पेट्रोल कमी) परीक्षा सोपी आहे. मोकळ्या हवेत इंजिन भारावर चालवून चोक हळूहळू अर्धा ओढावा. ठोका कमी झाला तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) अर्धवट बुजलाय किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. जेट नायलॉनच्या बारीक दोऱ्याने साफ करावा. तारेने भोक मोठं होतं. ब्लोअरचं कव्हर उघडून सिलिंडरवरच्या गार करणाऱ्या पट्ट्यांमधला (फिन्समधला) भुसा काढावा, पण कव्हर काढून इंजिन चालवू नये, कारण हवेला सिलिंडरवर वळवण्याचं काम तेच करतं. पेट्रोल वाचवायला थ्रॉटल अर्धा ठेवून पूर्ण भार ओढायला लावण्याची सवयही ठोक्याला आमंत्रण देते.

एवढं करूनही ठोका राहिला तर हेड उतरवायचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, आणि कार्बन लाकडी पट्टीने खरवडावा. कार्बनचा थर जागा अडवून कॉम्प्रेशन वाढवतो आणि तापून धगधगतो. गॅस्केट नवीनच घालावं. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, जीएक्स 160 ला शेवटी 24 न्यूटन-मीटर.

आता झिजेचा ठोका. प्लगच्या भोकातून लाकडी काडी पिस्टनवर टेकवावी, पिस्टन अर्ध्यावर आणावा आणि फ्लायव्हील हाताने डावी-उजवीकडे हलवावं. चाक हललं आणि काडी क्षणभर थांबून मग हलली, तर रॉड किंवा पिनमध्ये ढिलाई आहे. ऑइल कापडातून गाळून चंदेरी चुरा दिसतो का पाहावं. यातल्या बऱ्याच इंजिनांत रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि बेअरिंग शेलशिवाय (बदलता येणाऱ्या अस्तराशिवाय) थेट क्रँकपिनवर फिरतो, त्याला ऑइल मिळतं ते रॉडच्या तळाच्या चमच्याने उडालेल्या शिंतोड्यांतून. जाड ऑइल नीट उडत नाही आणि रॉडच्या बारीक भोकात शिरत नाही. आवाज दबतो, झीज मात्र वाढते. असं इंजिन ‘एवढं काम होऊ दे’ म्हणून चालवलं तर तुटलेला रॉड केस फोडून बाहेर येतो. नवीन रॉड बसवताना रॉडच्या खालच्या टोकाची टोपी आणि रॉडवरच्या खुणा एका बाजूला ठेवाव्यात आणि बोल्ट 12 न्यूटन-मीटरच्या पुढे कसू नयेत.

आपला,
छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीतला एक वाचक