विषय: मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकण्याबद्दल

मा. अध्यक्षसाहेब आणि कमिटी मेंबर्स,

नमस्कार. ग्रुपवर टाकणार होतो पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून कागदावर.

मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर टाकून पार्किंग करायचं चाललंय असं वॉचमनकडून कळलं. गाडी मलाही रस्त्यावरच लावावी लागते, तरी माझा विरोध लिहून घ्या. कलिन्यात राहून आपण विसरतो कसे हो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज तरंगताना आपण जिन्यातून बघत होतो. मिठी नदी विहार-पवईच्या तलावांचं ओव्हरफ्लोचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीत जाते, आणि भरती असली की खाडी ते पाणी घेत नाही, मग ते येणार कुठे, आपल्याच गेटातून आत. आपल्या एवढ्याशा मातीने पूर थांबत नाही हे कळतं मला, पण प्रत्येक सोसायटीने हेच म्हणत फरशी घातली ना.

मला वाटतं पुढची मुंबई वाचायची तर बिल्डिंगने थोडं झाडासारखं वागायला हवं. गच्चीवरचं पाणी पाइपाने गटारात सोडण्याऐवजी खाली खड्ड्यात जिरवायचं, ओल्या कचऱ्याचं खत तिथल्या तिथे जांभळाच्या बुडाशी. आणि पाखरांना कंपाउंड वॉल कळत नाही, नॅशनल पार्कपासून माहीमच्या तिवरांपर्यंत त्यांना मध्ये मध्ये टेकायला झाडं लागतात, त्यातलं एक आपलं. त्याच्या बुंध्याला मागच्या कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटने गळ्यापर्यंत आवळलंय, ते आधी फोडा. (जांभळं पडून गाड्यांवर डाग पडतात ही तक्रार मला माहितीये, डाग धुतले की जातात.)

गाड्यांसाठी गेटजवळच्या पट्ट्यात नुसती खडी टाकली तरी चालेल, पाणी मुरेल. बाकीचं एजीएमच्या अजेंड्यावर घ्या, तोपर्यंत कोटेशन फायनल करू नका.

आणि हो, रविवारी फांद्या छाटायला माणूस येणारे ना, त्याला पंपरूमकडची वाळकी फांदी सोडायला सांगा. तांबट पक्ष्याने तिथे भोक पाडलंय, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं, सकाळपासून टुकटुक चालू असते. कुठली ते मी खाली उभा राहून दाखवीन.

आपला,
बी विंग, दुसरा मजला