बर्फात आम्हालाही चालू द्या

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला काश्मीर सहलीवरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता, पण शेवटी ज्येष्ठांना दिलेला सल्ला मात्र खटकला. आम्ही म्हणे बर्फ गंडोल्याच्या, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या पाळण्याच्या, काचेतून पाहावा, फारच हौस असेल तर स्लेजवर बसावे आणि गुडघे जपावेत. माझे वय ६१. उजवा गुडघा पावसाळ्यात माझ्याआधी जागा होतो. तरीही गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या बर्फात मी दीड तास स्वतःच्या पायांनी चालले, म्हणून हे पत्र.

गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडचे आम्ही बावीसजण इथल्याच एका सहल आयोजकाबरोबर गेलो होतो. चिल्ला-ए-कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, संपले होते. बर्फाने मात्र मुक्काम हलवला नव्हता. टंगमर्गला आमची बस थांबली आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांतून आम्ही वर गेलो. भाड्याच्या गमबुटांत आमच्या यजमानांना एक नऊ नंबरचा आणि एक दहाचा मिळाला. पत्रकात ‘गुलमर्ग : चार तास’ असे छापले होते. त्यातला बराचसा वेळ गंडोल्याच्या रांगेत जाणार हे दिसतच होते.

मी रांग सोडली. लगेच स्लेजवाले भोवती जमले. त्यांचे पोट त्यावर आहे, मला कळते. पण माझ्याच वयाचा माणूस दोरी खांद्यावर घेऊन मला ओढतो आहे आणि मी मागे बसून फोटो काढते आहे, हे काही मला जमेना. मग शहाणपणाने तुडवलेली वाट सोडून दोन पावले बाजूला टाकली आणि मांडीपर्यंत आत गेले. बर्फ कसा, तर आडोळीवर नुकता कातलेला नारळाचा चव. हात टेकून उठावे म्हटले तर हातही खांद्यापर्यंत आत!

मला बाहेर काढले ते स्की भाड्याने देणाऱ्या एका टंगमर्गच्या पोराने. हसला, आणि म्हणाला, “आंटीजी, ये पहनो.” त्याच्या हातात स्नोशूज होते : अ‍ॅल्युमिनियमची लांबट चौकट, मध्ये ताणून बसवलेले जाड प्लास्टिकचे कापड, वर बूट आवळायला पट्टे आणि चवड्याखाली लोखंडी दाते. टाच मोकळी राहते. पायांना दोन सुपे बांधल्यासारखे वाटले.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उदाहरण ठरलेले, वाळवंटातला उंट. ना मी वाळवंट पाहिले होते, ना माझ्या विद्यार्थ्यांनी. तिथे उभी राहून मनातल्या मनात गणित मांडले. माझे वजन ६२ किलो. बुटाचा तळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पायावर भार आला की दर चौरस सेंटिमीटरवर पाव किलो. स्नोशूचा तळ गोलाई सोडून हजारभर, म्हणजे साठेक ग्रॅम. पाय टाकला. करकर आवाज झाला आणि चार बोटे आत जाऊन पाऊल थांबले! इतकी वर्षे फळ्यावर लिहिलेले सूत्र त्या दिवशी पहिल्यांदा तळपायाला कळले.

पहिली दहा पावले मी माझ्याच स्नोशूवर पाय देत होते. पाय जरा फाकून टाकायचे, ही पहिली युक्ती. मागे पाऊल घ्यायचे नाही, स्नोशूची शेपटी रुतते आणि माणूस बसतो. वळायचे तर बैलगाडीसारखे मोठ्या वळणाने. पडलात तर हातातल्या दोन्ही काठ्या बर्फावर आडव्या ठेवून त्यांवर हात टेकायचे. हे सगळे शिकायला वीस मिनिटे लागली, त्यांतली पाच हसण्यात गेली. रांगेतून यजमान ओरडले, “पडशी गो, सांबाळ!” मी तोवर दोनदा पडले होते.

आम्ही बर्फाखाली गेलेल्या गोल्फच्या मैदानावर सपाटीनेच हिंडलो. दम लागतोच, गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, आपल्या गोव्यातल्या सर्वांत उंच सोसोगडाच्या दुपटीहून उंच. दर पन्नास पावलांवर थांबत होते. एका थांब्यावर त्या मुलाने सांगितले, त्याचे आजोबा बर्फात पुलहोर घालत, भाताच्या पेंढ्याचे विणलेले जोडे. ते रुतण्यापासून वाचवत नाहीत, पण घसरू देत नाहीत. भाताचा पेंढा! कोकणीत आम्ही त्याला तण म्हणतो. आमच्या घरी ते गुरांना. त्याचे जोडे होऊ शकतात हे शेतकऱ्याच्या मुलीला काश्मीरमध्ये समजावे! त्याला मी माशेलचा चिखलकाला सांगितला : आषाढी द्वादशीला देवकीकृष्णाच्या देवळापुढे अंगाला तेल लावून बापये आणि पोरे चिखलात लोळतात. चिखलातून पाय काढताना आधी टाच सैल करायची, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. इथे उलटे, आधी टोक उचलायचे. त्याला चिखलकाला फार आवडला.

उगाच कुणी भरीस पडू नये म्हणून सांगते. गुलमर्गवरच्या अफरवाट डोंगराच्या उतारांकडे हिमस्खलनाचा धोका असतो, तिकडे नवख्याने एकट्याने फिरकू नये. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि श्रीनगरहून सकाळी येऊन लगेच चालण्यापेक्षा एक रात्र वरच काढलेली बरी. पण ती रात्र पत्रकात हवी ना!

पुढच्या फेब्रुवारीच्या सहलीचे पत्रक परवा आले. ‘गुलमर्ग : चार तास’. आयोजकांना फोन केला. म्हणाले, “बाई, स्नोशूज कुणी मागतच नाही हो.”

तर हे पत्र म्हणजे माझी मागणी समजावी. एका रात्रीचा मुक्काम आणि दोन जोड. दुसरा यजमानांसाठी. त्यांचा बूट नऊ नंबरचा आहे, दोन्ही पायांना.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
माशेल, गोवा